परदेशातली रणांगणं आणि लष्करी दफनभूमी पाहायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले बरेचसे प्रश्न पहिल्या महायुद्धातल्या पश्चिम आघाडीबद्दल, म्हणजे बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सबद्दल आहेत. खूप लोक तिथे जातात आणि गोंधळही तिथेच उडतो. नॉर्मंडी, गॅलिपोली आणि आशियातली ठिकाणं पुढे येतील.

सुरुवात कुठून करायची? आधी देश ठरवायचा की युद्ध?

दोन्ही नाही. आधी एक नाव ठरवा, नाहीतर एक दिवस. नाव म्हणजे नात्यातल्या किंवा नुसत्या वाचनात आलेल्या एखाद्या सैनिकाचं. दिवस म्हणजे १ जुलै १९१६ (सोमच्या लढाईचा पहिला दिवस) किंवा ६ जून १९४४ (दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरलं तो दिवस) सारखा. 'युरोपातली युद्धस्थळं' असा मोघम विषय घेऊन निघालात, तर आठवडाभरात डझनावारी दफनभूमी उरकाल आणि घरी आल्यावर फोटोतली कुठली कोणती हे सांगता येणार नाही. पांढऱ्या शिळा, कापलेलं गवत, गुलाबाची झुडपं सगळीकडे सारखीच दिसतात.

त्याऐवजी उत्तर फ्रान्समधल्या बोमाँ-हामेलला जा. सोम नदीच्या लढाईत पहिल्याच सकाळी न्यूफाउंडलंड (आज कॅनडात) रेजिमेंटचे सुमारे ८०० जण इथल्या उतारावरून निघाले. दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ उभे राहिले. खंदक आजही गवताखाली जागच्या जागी आहेत. कॅरिबूच्या (उत्तर अमेरिकेतल्या हरणाच्या) पुतळ्याजवळच्या टेकाडावर चढलात की सगळं मैदान एका नजरेत दिसतं: मध्ये एका वाळक्या झाडाचा बुंधा, खाली वाय रॅव्हिन ही घळ, तिच्या तोंडाशी छोटी दफनभूमी. आडोसा म्हणाल तर कुठेच नाही. जर्मन मशीनगनना काय दिसत होतं, हे घळीच्या टोकाला जाऊन मागे वळून पाहिलंत की कळतं. अशी एक जागा अर्धा दिवस देऊन पायी पाहणं हे गाडीतून पाहिलेल्या दहा जागांना भारी पडतं, हे माझं ठाम मत आहे. पुढची बरीच उत्तरं त्यातूनच आली आहेत.

अशा जागी सहलीला जाणं बरं दिसतं का?

लोक पहिल्यापासून जातायत. मिशेलिन कंपनीनं रणांगणांची मार्गदर्शक पुस्तकं १९१७ मध्येच, युद्ध चालू असतानाच काढायला सुरुवात केली होती. जाण्यात काही वावगं नाही. तिथे कसं वागता, एवढाच प्रश्न आहे.

किती दिवस हाताशी असावेत?

बेल्जियममधल्या ईपरला दोन, फ्रान्समध्ये सोमला दोन ते तीन, वेर्दँला दोन, नॉर्मंडीला तीन. ईपर आणि सोम एका सहलीत जमतात. वेर्दँ बरंच पूर्वेला आहे, ते यात कोंबू नका. एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. नकाशावर नसलेली एखादी दफनभूमी वाटेत दिसते आणि थांबावंसं वाटतं, त्यासाठी.

एखाद्या सैनिकाचं थडगं शोधायचं कसं?

तो कोणत्या सैन्यातला होता ते आधी नक्की करा, कारण प्रत्येकाची यादी वेगळी आहे.

ब्रिटन आणि तेव्हाच्या साम्राज्यातल्या (भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका वगैरे) सैनिकांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. १९१७ मध्ये फेबियन वेअर यांच्या खटपटीतून ही संस्था उभी राहिली. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांची नोंद तिच्याकडे आहे. संकेतस्थळावर शोध फुकट आहे. जर्मनांसाठी १९१९ मध्ये स्थापन झालेली फोल्क्सबुंड, अमेरिकनांसाठी १९२३ चं अमेरिकन बॅटल मॉन्युमेंट्स कमिशन, फ्रेंचांसाठी तिथल्या संरक्षण खात्याचं 'मेम्वार देझोम' हे संकेतस्थळ.

नुसतं नाव टाकून भागत नाही. आडनाव सर्रास आढळणारं असेल तर शेकडो जण निघतात, म्हणून सेवा क्रमांक, रेजिमेंट आणि मृत्यूची तारीख यांपैकी दोन गोष्टी तरी हाताशी हव्यात. मूळ नाव रोमन लिपीतलं नसेल, तर कारकुनानं कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी बदलून पाहा. गावाच्या किंवा वडिलांच्या नावानंही शोधा.

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांची सेवापत्रं मिळाली नाहीत तर नवल वाटून घेऊ नका. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात निम्म्याहून जास्त कागद जळाले. अशा वेळी बटालियनची युद्धदैनंदिनी कामी येते. ती ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहे. त्यात साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण त्या दिवशी पलटण कोणत्या खंदकात होती हे कळतं. मग स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुने खंदकांचे नकाशे आजच्या नकाशावर ठेवून पाहा. फुकट आहेत. तो शिपाई जिथे पडला, तिथे आज बिटाचं शेत आहे की पेट्रोल पंप, हे घरबसल्या दिसतं. निघण्याआधी एवढी एक गोष्ट केलीत तरी पुष्कळ झालं.

दफनभूमीत पोचलो, पण हजारो शिळांमधून ती एक कशी सापडणार?

नोंदीत थडग्याचा पत्ता दिलेला असतो. तीन तुकडे असतात: रोमन आकडा म्हणजे विभाग, अक्षर म्हणजे रांग, शेवटचा अंक म्हणजे त्या रांगेतली जागा. उदाहरणार्थ 'चौथा विभाग, सी रांग, १२'. घरूनच लिहून न्या, शेतात नेटवर्कचा भरवसा धरू नका.

फाटकाजवळच्या भिंतीत एक छोटं धातूचं दार असतं. त्यामागच्या कप्प्यात नोंदवही आणि दफनभूमीचा आराखडा ठेवलेला असतो, अभ्यागतांची वहीही असते. दार बहुधा घट्ट बसलेलं असतं, पण कुलूप नसतं, बिचकू नका. विभागांचे क्रमांक मात्र ओळीनं लागतील असं समजू नका. बऱ्याच दफनभूमी युद्धानंतर आजूबाजूची थडगी हलवून वाढवल्या गेल्या, त्यामुळे पहिल्या विभागाशेजारी नववा निघू शकतो.

शिळेवर वरून खाली: रेजिमेंटचं चिन्ह, क्रमांक, हुद्दा, नाव, तारीख, वय, धर्मचिन्ह. तळाशी, कधीकधी गवतात अर्धी बुडालेली, घरच्यांनी दिलेली ओळ. पहिल्या महायुद्धानंतर तिला ६६ अक्षरांची मर्यादा होती, शब्दांमधली मोकळी जागा धरून. आईबापांनी त्यात काय बसवलं ते वाकून वाचाच. न्यूझीलंडच्या शिळांवर ही ओळ सापडणार नाही. ती देणं सगळ्यांना सारखं जमणार नाही, म्हणून तिथल्या सरकारनं कोणालाच नको असं ठरवलं.

नोंद सापडली, पण थडगं नाही, फक्त 'मेमोरियल' असं लिहिलंय. म्हणजे काय?

म्हणजे देह मिळाला नाही, किंवा मिळाला पण ओळख पटली नाही. अशांची नावं भिंतींवर कोरली आहेत. ईपरच्या मेनिन गेट या स्मारक-कमानीवर ५४ हजारांहून जास्त नावं आहेत. तिथे जागा पुरली नाही, म्हणून १६ ऑगस्ट १९१७ पासून बेपत्ता झालेल्या सुमारे ३५ हजारांची नावं जवळच्या टाइन कॉट दफनभूमीच्या भिंतीवर गेली. सोमच्या तिएपव्हाल स्मारकावर ७२ हजारांहून जास्त. भिंतींवर नावं आधी रेजिमेंटनुसार, मग हुद्द्यानुसार, मग वर्णक्रमानं लावलेली असतात. रेजिमेंट माहीत नसेल तर डोकं आपटून घेण्याची वेळ येते. पॅनेल क्रमांक आधी काढून ठेवा. दुर्बीण न्या, वरच्या ओळी नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत.

हिंदू आणि शीख सैनिकांच्या बाबतीत आणखी एक कारण असतं: दहन झालेलं असतं. इटलीत फोर्ली इथल्या इंडियन आर्मी दफनभूमीत यासाठी वेगळं दहन-स्मारक आहे. फ्रान्समध्ये नव्ह-शापेलला हर्बर्ट बेकर यांनी बांधलेलं भारतीय स्मारक १९२७ मध्ये खुलं झालं. गोल प्रांगण, समोर कमळाच्या माथ्याचा उंच स्तंभ आणि भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं. मार्च १९१५ ची लढाई याच गावात झाली.

'मृत्यूनंतर सगळे सारखे' हे कमिशनचं तत्त्व तिथे जागोजागी वाचायला मिळतं. ते पूर्ण खरं नाही. पश्चिम आघाडीवर ते बऱ्यापैकी पाळलं गेलं. आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या आफ्रिकी व आशियाई सैनिकांच्या वाट्याला मात्र अनेकदा नुसता आकडा आला, कधी तोही नाही. २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीनं अहवाल देऊन हे मान्य केलं आणि किमान १ लाख १६ हजार जणांची नावं कोरलीच गेली नसावीत असा अंदाज दिला. तेव्हा यादीत नाव नसेल तर तो माणूस मेलाच नव्हता, असा अर्थ काढू नका.

प्रत्येक देशाची दफनभूमी इतकी वेगळी का दिसते?

कारण मेलेल्यांचं काय करायचं, यावर त्या देशांचं एकमत नव्हतं. ब्रिटननं १९१५ पासून देह मायदेशी न्यायला बंदी केली. श्रीमंतांची मुलं घरी आणि गरिबांची शेतात, असं होऊ नये म्हणून. त्यामुळे शेकडो लहान दफनभूमी लढाईच्या जागीच राहिल्या. अमेरिकेनं निर्णय घरच्यांवर सोडला. बहुतेकांनी देह परत मागितले, उरलेल्यांना थोड्या, पण प्रचंड आणि काटेकोर मांडणीच्या दफनभूमींत ठेवलं. नॉर्मंडीत ओमाहा किनाऱ्यावरच्या कोलव्हीलला संगमरवरी क्रूसांच्या ९,३०० हून जास्त रांगबद्ध शिळा आहेत, अधूनमधून ज्यूंच्या षट्कोनी ताऱ्याच्या. फ्रान्सनं १९२० मध्ये कायदा करून सरकारी खर्चानं देह गावी पाठवले, बाकीचे मोठ्या राष्ट्रीय दफनभूमींत राहिले. तिथे मुस्लिम सैनिकांच्या शिळा क्रूसांहून वेगळ्या आकाराच्या असतात.

जर्मन दफनभूमी चुकवू नका. बरेच जण चुकवतात. हरलेल्या देशाला परक्या मुलखात जागा मोजकीच मिळाली आणि १९५० च्या दशकात विखुरलेली थडगी एकत्र आणली गेली, म्हणून एका आडव्या दगडाखाली अनेक जण असतात. ईपरजवळच्या लांगेमार्कला ४४ हजारांहून जास्त देह आहेत, त्यांतले सुमारे २५ हजार एकाच सामूहिक कबरीत. फुलझाडं जवळजवळ नाहीतच, ओकची दाट सावली आहे. टाइन कॉट इथून जवळच आहे. दोन्ही एकाच दिवशी, आधी टाइन कॉट आणि मग लांगेमार्क, असं पाहा. बेल्जियममधल्याच व्लाड्स्लोच्या जर्मन दफनभूमीत केटे कोल्विट्झ या शिल्पकर्तीनं केलेले गुडघे टेकलेले आईबाप आहेत. तिचा मुलगा पीटर तिथेच पुरलाय.

सगळ्यांना एकत्र मांडण्याचा प्रयत्न उत्तर फ्रान्समध्ये नोत्र-दाम-द-लोरेतच्या टेकडीवर दिसतो. २०१४ मध्ये उभारलेल्या तिथल्या वर्तुळाकार स्मारकावर सुमारे ५ लाख ८० हजार नावं देश, हुद्दा, धर्म न बघता निव्वळ वर्णक्रमानं लावली आहेत.

कोणत्या महिन्यात जावं?

मे ते सप्टेंबर. हिवाळ्यात दिवस लहान असतो, अनेक छोटी संग्रहालयं बंद असतात आणि चिखल असा असतो की १९१७ चे फोटो आठवावेत. शरद ऋतूत सोमच्या अरुंद रस्त्यांवर बीट वाहणारे ट्रक असतात, त्यांच्या चाकांचा चिखल रस्ताभर सांडतो. जंगलांत शिकारीचा मोसमही तेव्हाच. वेर्दँच्या रानात फिरणार असाल तर कोणत्या दिवशी शिकार आहे याची स्थानिक चौकशी करा.

स्मृतिदिनांना जायचं असेल, म्हणजे २५ एप्रिल (गॅलिपोली), ६ जून, १ जुलै, ११ नोव्हेंबर (पहिलं महायुद्ध थांबलं तो दिवस), तर मुक्काम कित्येक महिने आधी ठरवावा लागतो आणि काही कार्यक्रमांना नोंदणीशिवाय प्रवेश नसतो. माझा सल्ला: तो दिवस टाळा. मेनिन गेटखाली रोज संध्याकाळी आठला बिगूल वाजतोच. १९२८ मध्ये सुरू झालेली ही प्रथा दुसऱ्या महायुद्धात, जर्मन ताब्याच्या काळात खंडित झाली होती. अर्धा तास आधी पोचा.

गाडी भाड्यानं घ्यावी, की गाइड?

ईपर, आल्बेर, आरास, बायो ही गावं रेल्वेनं गाठता येतात. पुढे मात्र वाहन लागतं. ईपरभोवती सायकल उत्तम, जमीन सपाट आहे आणि अंतरं लहान. १९१४ ते १९१८ ज्या 'टेकड्यां'साठी माणसं मेली, त्या सायकलवर जेमतेम चढ म्हणून जाणवतात, आणि तेवढ्याशा उंचीचं महत्त्व पायांना कळतं. सोमला गाडीच बरी. दफनभूमींकडे नेणाऱ्या हिरव्या पाट्या चौकाचौकात आहेत. शेतातल्या कच्च्या वाटेवर गाडी घालू नका, पाऊस झाला असेल तर ट्रॅक्टर बोलवावा लागेल.

गाइड पहिल्या दिवशी घ्या, उरलेले दिवस स्वतः फिरा. विशिष्ट सैनिकासाठी जात असाल तर त्याचा तपशील आधी कळवा. चांगला गाइड त्याच्या बटालियनच्या वाटेनं नेतो. तपशील न विचारता ठरलेली फेरी पुढे करणारा असेल, तर दुसरा बघा.

एकाच गावाला दोन-दोन नावं असतात, ते ध्यानात ठेवा. ईपर म्हणजेच फ्रेंच ईप्र. बेल्जियमच्या फ्लेमिश भागात लील शहराची पाटी 'रैसल' अशी दिसते.

शेतात गोळी, काडतूस, गंजका तुकडा सापडला. आठवण म्हणून आणू?

नाही. हात लावू नका, पायानं ढकलू नका, मुलांना उचलू देऊ नका. डागलेल्या तोफगोळ्यांतले कितीतरी फुटलेच नाहीत आणि काहींत विषारी वायू आहे. नांगरणीत ते अजून वर येतात, शेतकरी ते बांधावर ठेवतात आणि लष्कराचं पथक येऊन घेऊन जातं. रस्त्याकडेला असा ढीग दिसला तर फोटोसाठीही जवळ जाऊ नका. ईपरजवळच्या मेसीनला ७ जून १९१७ रोजी जर्मन खंदकांखाली १९ प्रचंड सुरुंग उडवले गेले. न उडवता राहिलेला एक १९५५ मध्ये वादळात वीज पडून उडाला. एक गाय मेली. जुनं म्हणजे निकामी नव्हे.

कायद्याचं सांगायचं तर फ्रान्समध्ये परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या वस्तू शोधणं हा गुन्हा आहे, आणि विमानतळावर सामानात काडतूस सापडलं तर कारणं ऐकून घेतली जात नाहीत. वेर्दँच्या आणि (आरासजवळच्या) व्हिमीच्या रानात कुंपण ओलांडू नका. व्हिमीला गवत मेंढ्या चरून आखूड ठेवतात, कारण तिथे माणसाला यंत्र घेऊन पाठवणं धोक्याचं आहे.

हाडं दिसली तर? तिथेच थांबा, जागेची खूण ठेवा, पोलिसांना कळवा. अशा शोधांतून आजही माणसांना नाव परत मिळतं. उत्तर फ्रान्समधल्या फ्रोमेलजवळ २००९ मध्ये सामूहिक कबरींतून २५० सैनिक बाहेर काढले गेले, डीएनएवरून अनेकांची ओळख पटली आणि त्यांच्यासाठी नवी दफनभूमी बांधली गेली.

दफनभूमीत काय चालतं, काय चालत नाही?

रांगांमधल्या गवतावरून चालता येतं, त्याचसाठी ते राखलंय. शिळेवर टेकू नका, बसू नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, फेस काहीही चोळू नका, दगड खराब होतो. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरकं ऊन पडेपर्यंत थांबा, कोरीव अक्षरं आपोआप वाचता येतात. फुलं, छोटा लाकडी क्रूस, कापडी खसखशीचं फूल ठेवलेलं चालतं. प्लॅस्टिकची वेष्टनं परत न्या. ड्रोन उडवू नका. डबा गाडीत खा. माळी काम करत असेल तर दोन शब्द बोला. कोणतं थडगं कोण शोधत आलं होतं, याच्या गोष्टी त्याच्याकडे असतात.

मुलांना न्यावं का?

दहा वर्षांपुढच्यांना खुशाल. संग्रहालयापेक्षा खंदक, भुयारं, किनारे आवडतात. आरासच्या खाली १९१७ च्या हल्ल्याआधी सैनिक लपवलेल्या वेलिंग्टन खाणी आहेत, तिथे लिफ्टनं उतरता येतं. वेर्दँजवळच्या दोमोंच्या अस्थिगृहाबद्दल मात्र आधी सांगून ठेवा. ओळख न पटलेल्या सुमारे १ लाख ३० हजार फ्रेंच आणि जर्मन सैनिकांच्या अस्थी तिथे आहेत, आणि इमारतीच्या मागच्या बाजूला जमिनीलगतच्या खिडक्यांतून त्या सरळ दिसतात. मोठ्यांनाही ते पचायला वेळ लागतो.

युरोपच्या पश्चिमेबाहेर कुठे जाता येईल?

गॅलिपोलीला, तुर्कस्तानात. एप्रिल १९१५ मध्ये अँझॅक, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैनिक जिथे उतरले, तो किनारा इतका चिंचोळा आहे की विश्वास बसत नाही. वर चुनुक बायरपर्यंत चढून जा, म्हणजे लढाई का फसली ते पायांना कळतं. तुर्की ५७ व्या रेजिमेंटचं स्मारक त्याच वाटेवर आहे. इथल्या शिळा उभ्या नसून बुटक्या, तिरप्या आहेत. उन्हाळ्यात सावली नाही, पाणी सोबत ठेवा.

थायलंडमध्ये कांचनाबुरीला, जपान्यांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेल्या ४१५ किलोमीटरच्या रेल्वेवर मेलेल्यांची दफनभूमी आहे. तिथून हेलफायर पासला जा, हातानं फोडलेल्या कातळात पहारीच्या खुणा दिसतात. मजुरी करून मेलेल्या आशियाई कामगारांची संख्या कैद्यांहून कितीतरी मोठी होती. त्यांची अशी रांगबद्ध दफनभूमी मात्र तिथे दिसत नाही.

इजिप्तच्या अल अलामेनला ब्रिटिश, जर्मन आणि इटालियन अशी तिन्ही स्मारकं एकाच रस्त्यावर आहेत. वाळवंटात पेरलेले सुरुंग अजून पूर्ण निघालेले नाहीत, डांबरी सोडू नका. ओकिनावाला १९९५ मध्ये उभारलेल्या शांतिशिळांवर जपानी, अमेरिकन, सैनिक, नागरिक सगळ्यांची मिळून २ लाख ४० हजारांहून जास्त नावं आहेत, आणि दर वर्षी भर पडते.

व्हिसाचं काय?

बेल्जियम आणि फ्रान्स दोन्ही शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहेत, सीमा ओलांडल्याचं कळतही नाही. लंडनहून जाणार असाल तर ब्रिटनचा वेगळा लागतो. तुर्कस्तान, इजिप्त यांचेही वेगळे. नियम पासपोर्टप्रमाणे बदलतात, वकिलातीच्या संकेतस्थळावरच पाहा.

प्रत्यक्ष जाणं शक्य नाही, किंवा नोंदीत चूक दिसली, तर?

थडग्याचा फोटो स्वयंसेवकांकडून मागवता येतो. वॉर ग्रेव्हज फोटोग्राफिक प्रोजेक्ट हेच काम करतो. नावाचं स्पेलिंग, वय, तारीख चुकली असेल तर कमिशनला पुराव्यासह कळवा. जन्मदाखला, सेवापत्र, त्या काळातलं पत्र, असा कागद लागतो, नुसती घरात ऐकलेली हकिगत चालत नाही. उत्तराला वेळ लागतो. दुरुस्ती मान्य झाली की आधी संकेतस्थळावरची नोंद बदलते, शिळा किंवा पॅनेल त्यानंतर.